खालची नोटीस

"वरचा कागद जरा उचला की, बाई. खालची नावं दिसंनात," केरबा म्हणाला.

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकून धम्मप्रियाने फायलीतून मान वर केली नाही. "खाली जुना आहे, काका. मुदत संपलेला."

ते खोटं होतं. खाली अर्शी आणि नागनाथची नोटीस होती. मुलगी मुसलमान, मुलगा लिंगायत. दोघं एकाच रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. विशेष विवाह कायद्यात नोटीस तीस दिवस बोर्डावर लावावी लागते. हरकत आली तर चौकशी. आज एकोणतिसावा दिवस होता आणि अर्शीच्या घरी अजून काही कळलं नव्हतं.

उन्हाळ्यात अशाच एका नोटिशीचा फोटो काढून कुणीतरी मुलीच्या घरी पाठवला होता. चौथ्या दिवशी मुलगी गावातून नाहीशी झाली. अर्ज तसाच पडून राहिला. म्हणून या वेळी धम्मप्रियाने अर्शीच्या नोटिशीवर दुसरी नोटीस टाचली. एरवी ती नियमाला पक्की; बीएस्सीला असताना प्रयोगवहीतला एक आकडाही तिने कधी बदलला नव्हता.

केरबा मार्चपासून दर मंगळवारी पहिल्या एसटीने यायचा. भूकंपात पडलेल्या एका गावचा. प्रत्येक नोटिशीवर बोट ठेवून दोन्ही नावं वाचायचा आणि जायचा. एकदा त्याने विचारलं होतं, "पुण्यात लगीन केलं तरी कागद इथं लागतो का?"

"मूळ गाव इथलं असेल तर लागतो."

"आन हरकत कुणी बी घेऊ शकतो?"

"कुणीही."

त्यावर तो पुन्हा पहिल्या नोटिशीपासून नावं वाचायला लागला होता.

"लेक पळाली असंल म्हाताऱ्याची," शिपाई चंद्रप्पा म्हणायचा. "कागद लागला की धरायला टपून बसलाय."

आज धम्मप्रियाने विचारलंच, "काका, दर आठवड्याला कशाला हेलपाटा?"

"तंबूत होतो तवा घराच्या यादीत आमचं नाव न्हवतं. चार महिने रोज गेलो. लागलं शेवटी. पुढं पोरगं लातूरला क्लासला होतं, तवा बी निकालाची यादीच बघितली. बोर्ड सोडायचा नसतो, बाई. आपण गेलो न्हाई त्याच दिवशी नाव लागतंय."

तेवढ्यात चंद्रप्पा मोबाइल नाचवत आला. "लागला बघा दिल्लीचा निकाल! गड्याला गडी, बाईला बाई, लगीन न्हाई. धरमात बसत न्हवतंच, आता कायद्यात बी न्हाई. वाचलो मॅडम! न्हाईतर अर्जावरच्या नवरीच्या चौकोनात मिशीवाल्याचा फोटो चिकटवावा लागला असता."

रांगेतले दोघं-तिघं हसले. केरबा हसला नाही.

"कोर्टच म्हणलं? पक्कं?"

"संसदेनं ठरवावं म्हणलंय. म्हंजे न्हाईच धरा."

केरबा बोर्डाकडं वळला. त्याने वरच्या कागदाची टाचणी उपसली. धम्मप्रिया खुर्ची ढकलून धावली आणि खालच्या नोटिशीवर तिने तळहात ठेवला.

"हात काढा, काका! हरकत घ्यायची तर लेखी द्या. पण सांगून ठेवते, दोघंही सज्ञान आहेत. कुणाची लेक असली तरी तिला असं ओढून नेता येणार नाही."

"हरकत?" केरबा म्हणाला. "मला लेक न्हाई, बाई. एकच पोरगं. सात वर्सांखाली मीच घराभायेर काढलं त्याला. औंदा शिमग्याला फोन आला. म्हणला, कायदा झाला की तुमच्या तिकडच्या बोर्डावर कागद लागंल, तो बघून यावंसं वाटलं तर या."

तिचा हात आपोआप खाली आला. केरबाने नोटिशीवर बोट ठेवलं. आधी नागनाथ वाचलं, मग अर्शी.

"ह्यो बी न्हाई," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या कागदावर दोन्ही नावं गड्यांचीच असणार. तो आता लागणारच न्हाई का, बाई?"