गुरुदासला कोण बघणार?

“चमच्यान बांगडो खाता ही! देवा रे, आता आणि काय काय बघूचा आसा!”

सुगंधाकाकीने कपाळावर हात मारला. काकी शेजारची, पण उंबऱ्याबाहेर थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. स्वप्ना नुसती हसली आणि चमच्याने बांगड्याची पाठ चाचपत राहिली. शेवटी तिच्या भावाने, गुरुदासने, ताट आपल्याकडे ओढलं आणि डाव्या हाताने काटे काढून दिले. त्याचा उजवा हात आणि उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला होता.

“ऑकलंडाक रवान काटे काढूक इसारली,” काकी म्हणाली. संध्याकाळपर्यंत ही बातमी अर्ध्या मसुरे गावात पोचली. स्वप्नाला परदेशाची हवा लागली, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आई गेली तेव्हा दिवसकार्याला आलेली स्वप्ना सगळ्यांसमोर बोलून गेली होती, “दादाक मी घेवन जातलंय. कागद करतंय.” त्याला वर्ष होत आलं. आता ती परत आली होती आणि येताना एक निळी फाईल घेऊन आली होती. गावात एकच प्रश्न होता. गुरूक कोण बघतलो? लोक तो गुरुदासच्या समोरच विचारत, जसे काही त्याचे कानही तापातच गेले होते.

गुरुदासला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. इथं त्याचे माड होते, विहीर होती, तिठ्यावरचा चहा होता, भांडायला काकी होती. तिकडे काय? बहीण कामावर गेली की दिवसभर काचेची खिडकी. पण हे तिच्या तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. तिने आपल्यासाठी एवढी धावपळ करायची आणि आपण नको म्हणायचं?

बुधवारी दोघं कुडाळला व्हिसाच्या एजंटकडे निघाली.

“रिक्षा कित्याक? भाड्याची गाडी घे आणि चालव,” काकी म्हणाली. “थंयसर तर चालवतस मां?”

“हयल्या रस्त्यांची सवय गेली गो काकी.”

“ऐकलास? आता आमचे रस्तेव नको झाले!”

एजंटचं नाव प्रीतम. गळ्यात टाय, टेबलावर गणपती, माणूस गोड. स्वप्ना म्हणाली, “दादा, तू भायर बस.” गुरुदास बाकावर बसला. पण केबिनचं दार नीट लागत नव्हतं, आणि कान तर शाबूत होते.

“मॅडम, खरं सांगू का?” प्रीतम म्हणत होता. “या रिपोर्टवर तिकडे परवानगी मिळणं कठीण आहे. पुढे रोजच्या रोज मदत लागणार, असं डॉक्टरांनीच लिहिलंय. असा खर्च कुठलं सरकार अंगावर घेईल? अपील करा हवं तर, पण आशा ठेवू नका.”

“दुसरा काही मार्ग?”

“घरचं कोणी सांभाळायला असेल, तर तेच बघा. नाहीतर चांगल्या संस्था आहेत. कोल्हापूरकडे एक आहे, पत्ता देतो.”

पहिल्या वाक्याला गुरुदासला बाकावरून उठून नाचावंसं वाटलं. सुटलो! संस्थेचं नाव निघालं आणि तो होता तिथेच बसून राहिला. घरचं कोण होतं आता? परत येताना रिक्षात स्वप्नाने फाईल छातीशी धरली होती.

त्या दिवसापासून गुरुदास इरेला पेटला. रविवारी त्याने स्वप्नाला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं.

“हलू नको. नुसता बघ.”

त्याने विहिरीचं पाणी काढून आणलं. आडाळीवर बसून डाव्या हाताने नारळ खवला. मासे साफ केले, तिरफळं घालून तिखलं चुलीवर ठेवलं, भात उतरवला. घामाने सदरा भिजला, तरी थांबला नाही. स्वप्ना त्याच्या हातावरून नजर हलवत नव्हती. ती मध्येच विचारी, “दमतस काय रे?”, आणि तो फटकन म्हणे, “दमतत ते दुसरे!”

वासावर काकी आलीच.

“काकी, सांग गो हिका. आवशीक शेवटाक कोणी बघल्यान?”

“ह्येनाच,” काकी म्हणाली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “न्हाणयल्यान, भरवल्यान, रोज केस विंचरल्यान. माका हात लावूक दिल्यान नाय. लेक असूक होयो तर असो.”

“मगे?” गुरुदासचा आवाज चढला. “माका कोणी बघूक नको. मी हयच रवतलंय. माका खंयच धाडू नको, स्वप्ना. तुझ्या ऑकलंडाक नको आणि आश्रमात तर नकोच नको!”

एकदाचं बोलून झालं. मग त्यालाच भीती वाटली. त्याने बहिणीकडे पाहिलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण तिचं मन मोडलं, असं त्याला वाटलं आणि तो चुलीकडे वळला.

“तुका कोण धाडता रे, दादा?” स्वप्ना म्हणाली. “फायलीतलो रिपोर्ट तुझो नाय, माझो आसा. हात गेलो, आता पाय चल्लो. थंयसर माका ठेवन घेनत नाय. तू बघशीत मां माका?”