नाक कसं होतं?

इस्त्रीवाल्या रंगनाथने दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेज तिसऱ्यांदा लावलं. चित्रकार कुमुदबाईंचा विद्यार्थी निनाद रस्त्यावरून फरफटत जात होता आणि त्याला ओढणारं कुणीच दिसत नव्हतं.

"चौघं होते, बाई. या डोळ्यांनी पाहिलं," रंगनाथ म्हणाला. "अंगात ते वाकड्यातिकड्या पट्ट्यांचे कोट."

ती नक्षी बाईंचीच होती. मोर्चातली पोरं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांनी ती वीस वर्षांपूर्वी शालींवर रंगवली होती. तिच्यामुळे कॅमेरा चकायचा आणि अख्खा माणूसच चित्रातून गाळायचा. समीक्षकांनी तिला उद्याची कला म्हटलं. सरकारने शाली जप्त केल्या आणि पुढे त्याच सरकारने बाईंना शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी ते घेतलंही.

आज चौकीत साहेब म्हणाले होते, "फुटेजमध्ये माणूसच नाही. तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

बाईंनी पिशवीतून वही काढली. "एकाचा तरी चेहरा सांग. नाक कसं होतं?"

"बसकं. डाव्या बाजूला तीळ."

पेन्सिल अडली. हुबेहूब चेहरा काढणं हे फोटोवाल्याचं काम, असं शिकवत बाईंनी उभी हयात चेहरे मोडले होते. नाकाची रेघ वळली ती पट्ट्यासारखीच. त्यांनी खोडून पुन्हा काढली, तरी पट्टाच.

रंगनाथ सारखा रस्त्याकडे बघत होता.

"लवकर काढा, बाई. उद्या विचारलंत, तर मी काही पाहिलेलं नसेल."