झोपमोड

"पट्टा सोडा, सामान सोडा, इकडून बाहेर या," लेक उशीत तोंड खुपसून ओरडली. म्हणजे तिच्या मते ओरडली. शेजारी बसून लसूण सोलणाऱ्या आईला ते जेमतेम ऐकू गेलं.

"हळू," तरी आई म्हणालीच. "बाबा झोपलेत."

बाबा पडद्यापलीकडे होते. बेकरीत कायमची रात्रपाळी, त्यामुळे सगळ्यांची भर दुपार ती त्यांची झोपायची वेळ, आणि झोपमोड हा या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा. दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं होतं. बेलची वायर कधीचीच काढून टाकली होती. कुकर शिट्टीच्या बेतात आला की आई धावत जाऊन गॅस बारीक करायची. मायलेकी भांडायच्यासुद्धा कुजबुजत, आणि कुजबुजतं भांडण फार टिकत नाही, एवढाच काय तो त्यातला फायदा.

अशा घरात वाढलेल्या आवाजाला लोक गोड म्हणतात. त्या गोड आवाजावरच स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीने तिला केबिन क्रूसाठी निवडलं होतं. पण ट्रेनिंगमध्ये विमानाच्या नुसत्या सांगाड्यात बसवून दिवे घालवले, धूर सोडला आणि प्रवाशांना ओरडून बाहेर काढायला सांगितलं, तेव्हा गोड आवाज काही कामाचा राहिला नाही. "ऐकू आलं नाही. परत," शिकवणाऱ्या मॅडम मागच्या रांगेतून म्हणत राहिल्या. बरोबरच्या मुलींनी तिचं नाव हळूबाई ठेवलं. उद्या शेवटची संधी होती. उद्याही आवाज फुटला नाही, तर नोकरी लागायच्या आधीच सुटणार होती.

"चहा-पाणी विकायला एवढं कशाला ओरडायला लागतं?" आईने विचारलं.

"विकायला नाही गं. विमानाला आग लागली तर."

"आग लागली तर लोक आपले आपण पळतील की."

"नाही पळत. वरच्या बॅगा काढत बसतात."

"कमाल आहे लोकांची," आई म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

"ऐकू आलं नाही," पडद्याआडून आवाज आला.

दोघी दचकल्या. आईने लेकीकडे असं पाहिलं की बघ, उठवलंस ना शेवटी. पडदा सरकला. बाबा अंथरुणावर उठून बसले होते, केस एका बाजूने चपटे.

"तिने नाही उठवलं. मी जागाच आहे. आज झोप कसली लागतेय." त्यांनी घसा साफ केला. लांबलचक बोलायची त्यांना सवय नव्हती. "आता मी परत आडवा होतो. विमानाला आग लागलीय. मला बाहेर काढ."

"बाबा, शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी नंतर. आधी माझं ऐक. इतकी वर्षं तुम्ही दोघींनी मला झोपू दिलंत. तू तर खेळायच्या वयातसुद्धा पायातले पैंजण काढून घरात यायचीस. दुपारी अशी झोप मिळाली म्हणून मी रात्री भट्टीसमोर उभा राहू शकलो. माझ्याबरोबरच्या कितीजणांना नाही मिळाली. उपकार आहेत तुमचे. कधी बोललो नाही, आज बोलतो. आता पुरे. उठव मला."

आणि ते डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले. हात तेवढे बाहेर राहिले, भट्टीच्या जुन्या चटक्यांचे डाग असलेले. जाऊन त्या हातांवर डोकं टेकावं असं लेकीला फार वाटलं, पण विमानाला आग लागली होती.

"पट्टा सोडा," ती म्हणाली.

पांघरूण हललं नाही.

"सामान सोडा," ती जरा जोरात म्हणाली.

पांघरुणाखालून घोरणं ऐकू आलं. उघड उघड खोटं.

मग तिने डोळे गच्च मिटले, आणि लहानपणापासूनच्या सगळ्या दुपारी गिळलेला आवाज एकदम वर आला. "पट्टा सोडा! सामान सोडा! बाहेर! बाहेर! बाहेर!"

मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या. आईने सवयीने ओठांवर बोट ठेवलं, पण तोवर बाबा उठले होते. पांघरूण टाकलं, चष्मा टाकला, चपला टाकल्या आणि बनियनवर, अनवाणी, थेट बाहेरच्या गॅलरीत. मागोमाग आई. शेवटी लेक, शिकवल्याप्रमाणे आत कुणी राहिलं नाही ना हे बघून.

बाहेर पाहते तर अख्खा मजला जमलेला. ज्या घरातून इतक्या वर्षांत भांडं पडल्याचा आवाज आला नव्हता, तिथून अशी हाक आल्यावर कुणी विचारत बसलं नव्हतं. शेजारचे काका अर्ध्या दाढीच्या फेसासह आले होते. कोपऱ्यातला शिंपी गळ्यात टेप घेऊन उभा, मागे त्याचं अर्धं मापलेलं गिऱ्हाईक.

"सामान सोडा म्हणाली ना ती?" बाबांनी आईला विचारलं. आईच्या हातात लसणाचं ताट होतं.

"सामान कुठाय? लसूण आहे हा."

"अहो, झालं काय?" काकांनी विचारलं. "आग लागली का?"

"आग नाही लागली," बाबा धापा टाकत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि लपवायला चष्माही नव्हता. "पोरीला नोकरी लागली."

"अजून कुठे लागलीय, बाबा. परीक्षा उद्या आहे," लेक त्यांच्या कानाशी कुजबुजली.

"ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले.