फौजदारांची पाळत

गोठ्यात चाऱ्याच्या ढिगाआड उभे राहून फौजदार स्वतःच्याच बायकोवर पाळत ठेवून होते. सकाळचे सहा वाजले होते. गाय रवंथ करत त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या नजरेला नजर देणंही त्यांना जड जात होतं.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तीस वर्षं ह्या गावात फौजदार म्हटलं की एकच माणूस. आता त्यांच्या जागी एक पोरगेलासा फौजदार आला होता आणि हे एका दिवसात ‘जुने फौजदार’ झाले होते, कोपऱ्यात टाकलेल्या नांगरासारखे. तेही त्यांनी गिळलं असतं. पण त्या पोराने चार महिन्यांत तीन चोऱ्या शोधल्या, त्याही दोन-दोन दिवसांत. न्हाव्याच्या दुकानात आता त्याच्या डोक्याचं कौतुक चाले आणि ते ऐकत ऐकत फौजदारांना दाढी करून घ्यावी लागे.

त्यांचंही डोकं काही साधं नव्हतं. पुराव्यासाठी वणवण करणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांना जेवता जेवता सुचायचं. घास हातात राहायचा, डोळे बारीक व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी चोर कोठडीत. शेतीचंही तेच. मका कधी काढायचा, विहिरीतला गाळ कधी उपसायचा, हे ताटावर बसल्या बसल्या त्यांना बरोबर सुचे आणि त्यांचं बघून शेजारचे शेतकरी कामाला लागत. मका अजून सुचत होता. चोरांबद्दल मात्र गेल्या वर्षभरात काही म्हणजे काही सुचलं नव्हतं. वय झालं, दुसरं काय!

पण खरं दुखणं परसदारी होतं. हाताखाली शिपाई असताना नवा फौजदार रोज सकाळी स्वतः दूध न्यायला येई. एक लिटर दुधाला त्याला पाव तास लागे. दोघांची कुजबुज चाले, मध्येच बायको हसे. इतकं मोकळं हसताना फौजदारांनी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हल्ली दूध घालायला जाण्याआधी ती केससुद्धा नीट करी. साठीला टेकलेल्या माणसाने जळावं, तेही बायकोला ‘काकू’ म्हणणाऱ्या पोरावर, ह्याची त्यांना लाज वाटत होती. तरी जळफळाट काही थांबत नव्हता.

फाटक वाजलं. पोरगा आला, भांडं पुढे केलं. फौजदारांनी कान टवकारले.

“काकू, रविवारी रात्री ती पाण्याची मोटार चोरीला गेली, तिचं काही?”

“शिंपी एकटा राहतो,” बायको दूध मोजत म्हणाली. “सात वर्षं रोज अर्धा लिटर नेतोय. सोमवारपासून एक लिटर न्यायला लागला. पाहुणे आलेत का म्हणून विचारलं, तर चक्क नाही म्हणाला. त्याचा माळा बघून ये एकदा.”

“आणि मी चार दिवस भंगारवाल्यांच्या मागे!” पोरगा हसला. तीही हसली. तो लगबगीने निघून गेला.

फौजदार ढिगाआडून बाहेर आले. डोक्यात गवताच्या काड्या अडकल्या होत्या, पण त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांना ज्याची भीती वाटत होती तेच निघालं असतं तर परवडलं असतं, असं क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं.

“त्याला सांगतेस!” ते गरजले. “तीस वर्षं मी इथला फौजदार होतो. तीस वर्षं गावाला दूध तूच घालतेस. मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस!”

बायको दचकली, मग त्यांच्या अवताराकडे बघत राहिली. हातातलं माप तिने शांतपणे विसळलं.

“तो विचारतो, म्हणून सांगते,” ती म्हणाली. “तुम्हालाही सांगितलं होतं की एकदा. तुम्ही फौजदार झालात त्याच वर्षी. कुंभाराच्या घरी जाऊन बघा म्हटलं, तर ‘फौजदार मी की तू?’ म्हणालात आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत.”

फौजदारांना ते आठवलं. त्यांचा आवाज खाली आला.

“मग?”

“मग काय? जेवायला वाढताना मी आपली इकडचं तिकडचं बोलायला लागले,” ती म्हणाली, “आणि तुम्हाला सुचायला लागलं.”