पाठमोरी

निराधार बायकांच्या आधारगृहात अधीक्षिका म्हणून राबणाऱ्या ताईंनी आईच्या ऑपरेशनसाठी पुन्हा एकदा रजा मागितली, तेव्हा संस्थेचे संचालक फोनवर नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "अहो ताई, आपलं हे एक कुटुंबच ना? तुम्ही गेलात तर किल्ल्या कोण सांभाळणार?" ताईंनी फोन ठेवला, मागच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि गुडघ्यांत डोकं खुपसून पोटभर रडल्या.

नेमका त्याच दिवशी वार्षिक अहवालासाठी फोटोग्राफर आला होता. इथल्या बायकांचे चेहरे दाखवायचे नाहीत, हा संस्थेचा कडक नियम. म्हणून तो बिचारा सगळ्यांचे पाठमोरे फोटो काढत फिरला.

संध्याकाळी संचालकांनी त्यातलाच एक फोटो ताईंच्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "ही कोण? बघून गलबलून आलं हो. मुखपृष्ठावर हाच घेऊ. हिला काय हवं-नको ते तुम्ही जातीने बघा."

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. मागची पायरी, वाकलेली पाठ आणि कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा.

मग त्यांनी उत्तर लिहिलं, "सर, तिची आई आजारी आहे. तिला चार दिवस घरी जायचंय."

उत्तर लगेच आलं.


"मग मला विचारताय काय? आजच्या आज पाठवा तिला, माणुसकी म्हणून काही आहे की नाही! आणि ताई, तुम्ही मात्र तिथून हलू नका."