भुताचा आवाज

ऐन प्रार्थनेच्या वेळी बाईच्या अंगात भूत शिरतं, असा तो सिनेमा. लोक अर्ध्यातून उठून जात होते, काही जण तर खुर्चीतच देवाचा धावा करत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, की असली किंकाळी माणसाच्या गळ्यातून निघणंच शक्य नाही.

ती निघाली होती पडद्यावरच्या बाईला आवाज देणाऱ्या एका कलाकार बाईच्याच गळ्यातून, डबिंगच्या बंद खोलीत. कौतुकाने ती सुखावली होती खरी. पण चार वर्षांच्या लेकीच्या कानावर त्यातलं काही पडू नये, म्हणून घरात डोळ्यांत तेल घालून जपत होती.

आणि रविवारी दुपारी ती भांडी घासत असताना दिराने हौसेने टीव्हीवर नेमका तोच प्रसंग लावला.

"वहिनी, या लवकर! तुमचं भूत आलंय!"

पाठोपाठ ती किंकाळी घरभर घुमली. सासूबाईंनी कानांवर हात दाबले, दिराच्या हातून रिमोट निसटला. ती साबणाच्या हातांनीच बाहेर धावली. पोरीची दातखीळ बसली असणार!

लेक रडत नव्हती. मान खाली घालून भराभर खेळणी टोपलीत भरत होती.



"आवरते ना गं आई, आवरते. ओरडू नकोस."