पांढरी फरशी

घोडके सरांनी कुलूप काढलं आणि मंजिरीने चपला दाराबाहेरच ठेवल्या. शाळेच्या नव्या कला-तंत्र इमारतीतला हा चित्रकलेचा हॉल तिनेच आखलेला. उद्घाटनानंतर ती आज पहिल्यांदाच आली होती. खिडक्या उत्तरेला, त्यामुळे ऊन नव्हतं, नुसता उजेड होता. पांढऱ्याशुभ्र फरशीवर एक डाग नव्हता. वास्तुरचनेच्या पुरस्कारासाठी पाठवायचे फोटो तिने अगदी मनासारखे काढले.

"जिवापाड जपलाय हो मॅडम तुमचा हॉल," चित्रकला शिकवणारे घोडके सर अभिमानाने म्हणाले.

"पण आज तास नाही का? मुलं कुठायत?"

"आहे की. या ना."

इमारतीमागे, सायकली लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सातवीची मुलं मांडी घालून बसली होती. पत्रा तापला होता. कुणी गुडघ्यावर कागद धरला होता, कुणी सायकलच्या सीटवर. खालची साधी शहाबादी फरशी रंगांनी माखली होती.

"आत सांडलं तर डाग पडतील," सर म्हणाले. "एवढी सुंदर फरशी, आमची हिंमतच होत नाही."

शहाबादी फोटोत मळकट दिसेल, म्हणून मंजिरीनेच ती हॉलसाठी नाकारली होती. तिने एका मुलीकडून निळा रंग कालवलेली करवंटी मागून घेतली, तडक हॉलमध्ये गेली आणि मधोमध उपडी केली.

सर फडकं शोधायला धावले.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "आता जपण्यासारखं काही उरलं नाही. मुलांना आत बोलवा."